एक वर्ष, पण कोणाच्या नावावर?

“बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत कुठंतरी नाव घातलंच पाहिजे, ही घाई नक्की कोणाची आहे सर? पोरांची तर नाही. सतरा-अठरा वर्षांचं लेकरू. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग सायन्स, कारण गुण बरे होते. मधल्या दोन वर्षांत तुला काय आवडतं हे त्याला कोणी विचारलेलं नाही. निकालानंतर ते महा ई-सेवा केंद्रात जातं. खुर्चीवरचा मुलगा विचारतो, ‘काय टाकू? बीएस्सी, डी.फार्म, नर्सिंग?’ मागची रांग बघून लेकरू म्हणतं, ‘टाका काहीही.’ आयुष्याची तीन-चार वर्षं अशी ठरतात. ज्याला उमगत नाही त्यानं एक वर्ष थांबावं, एवढंच मी म्हणते. पण थांबणाऱ्याकडं आपण बघतो कसं? पुढच्या वर्षी प्रवेशाला गेला की गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. मधल्या काळात कुठंही प्रवेश घेतला नव्हता, हे शपथेवर लिहून द्यायचं. जणू थांबला म्हणजे काहीतरी लपवतोय.”

बोलणारी बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटची. बारावीनंतर एक वर्ष थांबली, मग नर्सिंगला गेली, आता नोकरीला आहे. ऐकणारे तिचे शिक्षक. केज तालुक्यात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गावातले आईबाप निकालाचा कागद घेऊन आजही त्यांच्याकडेच येतात.

“प्रतिज्ञापत्राचं सोड,” सर म्हणाले, “तो एक कागद आहे, अर्ध्या दिवसात होतो. मला त्या वर्षाचीच भीती वाटते. आपल्याकडं त्याला गॅप म्हणतं कोण? ड्रॉप म्हणतात, रिपीट म्हणतात. मोठ्या शहरातलं पोरगं थांबतं तेव्हा ते भाषा शिकतं, फिरतं, एखाद्या संस्थेत राहतं. आपलं पोरगं थांबतं तेव्हा ते लातूरला जातं. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी कष्टानं लातूर पॅटर्न उभा केला, त्याबद्दल मला आदरच आहे. खेड्यातली लेकरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आणली त्यांनी. पण आता तिथं जाणाऱ्या रिपीटरचं वर्ष कसं असतं? एका रूममध्ये तिघं, मेसचा डबा, टेस्टवर टेस्ट, भिंतीवर गुणांचा तक्ता. अन् बाहेरचं गणित ऐक. २०२५ ला नीटला बावीस लाखांवर मुलं बसली. बारा लाखांवर पात्र ठरली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या निम्म्याच सरकारी. राहिलेल्या लाखो लेकरांचं काय, ते मला सांग. आयआयटीच्या जेईई ॲडव्हान्स्डला सलग दोन वर्षांत दोनच संधी. तिथं नियमच पोराला उठवतो. नीटला तशी हद्द नाही. २०२२ मध्ये वयाची वरची अटही गेली. मग पहिला ड्रॉप, दुसरा ड्रॉप, तिसरा. उठ म्हणायचं कोणी? बाप म्हणत नाही, कारण पैसा घातलेला असतो. क्लासवाले कशाला म्हणतील?”

“पण सर, रिपीटर थांबतो कुठं? तो एक दिवससुद्धा थांबत नाही. बारावीत जे करत होता तेच दुप्पट करतो. तुम्ही जे सांगताय ते न थांबल्याचं दुखणं आहे. आणि तरीही रिपीट करणाऱ्या आपल्या पोरांची बाजू मी घेईन. त्यांची पहिली परीक्षा ही पहिली नसतेच. दहावीपर्यंत ‘प्रकाशसंश्लेषण’ शिकलेलं लेकरू अकरावीत ‘फोटोसिंथेसिस’ वाचतं. पहिलं वर्ष शब्द जुळवण्यात जातं, दुसरं बोर्डाच्या परीक्षेत. नीटचा पेपर मराठीतही मिळतो हे खरं, पण क्लास इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, सरावाचे पेपर इंग्रजीत. मराठीतला पेपर मागायची हिंमत कोण करणार? मोठ्या शहरातलं पोरगं आठवीपासून फाउंडेशनला असतं. आपलं पोरगं एका वर्षानं त्याच्या शेजारी येऊन उभं राहतं. तेवढं एक वर्ष त्याला नाकारायचं का? शिवाय दारं थोडी उघडलीयत. वैद्यकीय प्रवेशाचं सत्तर-तीसचं सूत्र २०२० मध्ये रद्द झालं. त्याच्यामुळं मराठवाड्याच्या मुलांना बाहेरच्या विभागांत थोड्याच जागा होत्या. आधी आपल्या जवळ अंबाजोगाई आणि लातूर. आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीतही सरकारी मेडिकल कॉलेज झालंय.”

सरांनी हे मान्य केलं, अर्धंच. त्यांच्याकडे दोन सालांची गोष्ट होती.

“२०२४ आठव. ५ मेला परीक्षा, ४ जूनला निकाल. ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ निघाले. ग्रेस गुणांवरून रान पेटलं, पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. परीक्षा रद्द होणार नाही हे २३ जुलैला कळलं. सुधारित निकालात पैकीच्या पैकी वाले १७ राहिले. सात आठवडे देशातल्या लेकरांना ठाऊक नव्हतं, की आपली परीक्षा झाली की नाही. त्या वर्षी ज्या गुणांवर आधी सरकारी जागा मिळायची त्या गुणांवर पोरं बाहेर राहिली. त्यांनी ड्रॉप घेतला. २०२५ ला भौतिकशास्त्राचा पेपर असा आला, की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. म्हणजे ज्या गुणांसाठी पोरानं वर्ष घातलं ते गुणच बदलले. शेतकऱ्याला हे नवीन नाही. सोयाबीन चांगलं येतं त्या वर्षी भाव नसतो. पण सोयाबीन पेरताना आपण सगळं रान एकाच पिकाखाली घालत नाही. पोराचं अठरावं वर्ष मात्र घालतो.”

“मग हद्द आपणच घालू,” ती म्हणाली. “एकच वर्ष, आधी ठरवलेलं. माझंच सांगते. मीही रिपीटच करत होते. दिवाळीपर्यंत केलं. मग कळलं, की पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतोय. सोडून दिलं आणि घरी बसले. माझी मावशी आशा वर्कर. तिच्याबरोबर घरोघर जायला लागले. लसीकरणाच्या यादीत नावं लिहायची, गरोदर बायांना तारखा सांगायच्या, बाळाचं वजन करायचं. एका बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, मी सोबत गेले. डॉक्टर येऊन गेले. रात्रभर तिच्याजवळ थांबली ती सिस्टर. मला तेव्हा समजलं, की मला हे पाहिजे. नीट पास झाले असते तर कदाचित समजलं नसतं. त्या वर्षात मी एकही परीक्षा दिली नाही. पण नर्सिंगच्या वर्गात गेले तेव्हा बाकीच्या पोरी नाव घालायला आल्या होत्या, मी काम शिकायला.”

ती पुढं म्हणाली, “परदेशात थांबण्याचं हे मोल ओळखलंय, सर. डेन्मार्कमध्ये १८४४ पासून लोकशाळा आहेत. तरुणांनी काही महिने एकत्र राहायचं, शिकायचं, परीक्षा नाही. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू मार्टिन नावाच्या अभ्यासकानं २०१० मध्ये दाखवलं, की शिक्षणातून मन उडालेली मुलं थांबण्याकडं जास्त झुकतात. आणि थांबून आलेल्यांची पुढं कॉलेजात शिकायची ओढ बरी दिसते. एवढ्या लांब कशाला, पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून तिथं आले, १९८३ मध्ये आश्रम सुरू केला. एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, कुक्कुटपालन, खाद्यप्रक्रिया. हातानं करत करत त्यामागचं शास्त्र शिकायचं. आपल्या पोरांना असं एक वर्ष मिळालं तर?”

पाबळचं नाव ऐकून सर खुलले. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला कलबागांबद्दल वाटावी तीच आपुलकी त्यांच्या बोलण्यात आली. प्रयोगशाळेतल्या बंद कपाटांच्या चाव्या मागत आपली निम्मी नोकरी गेली, असं ते म्हणाले. पण मुद्दा त्यांनी सोडला नाही.

“पाबळ म्हणजे घर आहे, शिक्षक आहे, सकाळी उठून करायचं काम आहे, शेवटी हातात प्रमाणपत्र आहे. ते तर शिक्षणच झालं. तू ज्याला थांबणं म्हणतेस त्याच्या सगळ्या चांगल्या नमुन्यांत कोणीतरी त्या वर्षाला कुंपण घातलेलं आहे. डेन्मार्कमध्ये सरकारनं. पाबळला संस्थेनं. तुझ्या बाबतीत मावशीनं. जिला अशी मावशी नाही तिचं काय? अमेरिकेतले आकडे सांगतात, की शाळेनंतर लगेच कॉलेजला न जाणारी बहुतेक मुलं गरीब घरची असतात आणि त्यांच्यातली पदवी पुरी करणारी कमी. ती जग बघायला थांबत नाहीत, कमवायला थांबतात. आणि आपल्या जिल्ह्यात तर वेगळंच. इथं मोकळं वर्ष मोकळं राहत नाही. कोणीतरी त्याच्यावर नाव लावतंच.”

सर पुढं म्हणाले, “मुलाचं घे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. कॉलेजला जाणारा पोरगा घरी राहतो, आजीजवळ. न जाणारा पोरगा दिसला की मुकादम म्हणतो, हा बसून काय करतोय? आईबापांनी उचल घेतलेली असते, ती फेडायला आणखी एक हात मिळाला तर कोण सोडेल? मार्च-एप्रिलपर्यंत तो उसाच्या फडात. परत आल्यावर पुस्तक हातात धरवत नाही, हाताला घट्टे पडलेले असतात. त्या घराला दोष देणार नाही मी. पण वर्ष गेलं कोणाच्या खात्यात?”

“आणि मुलीचं घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २१. बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं. शंभरात चव्वेचाळीस. बारावीपर्यंत पोचलेली पोरगी म्हणजे त्यातून वाचलेली पोरगी. ती वाचली कशानं? वय कमी आहे आणि कॉलेज चालू आहे, या दोन उत्तरांनी. बारावी होता होता अठरा पूर्ण होतात, म्हणजे कायद्याचं पहिलं उत्तर संपलं. नेमकं त्याच वर्षी तू तिला दुसरं उत्तरही सोडायला सांगतेस.”

लेखकाला वाटतं, वर्षभर थांबण्यावर मराठीत जे काही लिहिलं जातं त्यात सरांचं हे वाक्य नसतं आणि ते असायला हवं. करिअर मार्गदर्शनाच्या पुरवण्यांत गॅपचे फायदे-तोटे मांडले जातात तेव्हा समोर कायम एक वय नसलेला, जात नसलेला, घर नसलेला ‘विद्यार्थी’ उभा असतो. बालाघाटाच्या या पट्ट्यात एकाच निकालाच्या दिवशी एका बाकावरच्या दोघांसमोर आलेलं ते वर्ष एकसारखं नसतं.

ती लगेच बोलली नाही. बोलली तेव्हा आवाज खाली आला होता.

“माझ्या वर्षात तीन स्थळं आली, सर. वडील प्रत्येकाला सांगायचे, ‘पोरगी नीटचा अभ्यास करतीय.’ दिवाळीनंतर मी अभ्यास सोडला होता, तरी तेच सांगायचे. मी मावशीबरोबर हिंडते, हे आमच्यातच होतं. म्हणजे ज्या ड्रॉपवर तुम्ही एवढे चिडता तोच माझी ढाल होता. आपल्याकडच्या किती पोरी डॉक्टर व्हायला रिपीट करतात आणि किती लग्नाला एक वर्ष लांब ठेवायला, हे कोणी मोजलंय का? मोजता येणारही नाही. पोरगी ते कुठल्या फॉर्मवर लिहिणार? आणि प्रवेश म्हणजे ढाल, हेही पुरतं खरं नाही. पहिल्या वर्षाला नाव घातलेल्या, दुसऱ्या वर्षी हजेरीपटावर नसलेल्या पोरी तुम्हीच पाहिल्यात. नावामुळं मुदत मिळते, पण त्या मुदतीत पोरीला स्वतःसाठी काय पाहिजे हे कळलं नाही, तर मुदत संपल्यावर ती काय बोलणार?”

“मुदत ही छोटी गोष्ट नाही,” सर म्हणाले. “आणि कुठंतरी नाव असेल तरच सरकार काही देतं. बोनाफाईड असेल तर वसतिगृह, बोनाफाईड असेल तर शिष्यवृत्ती, एसटीचा पास. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ झालीय, पण प्रवेश कॅपमधून घ्यावा लागतो. थांबलेल्या मुलीला यातलं काही नाही. महिला सन्मान योजनेत एसटीचं अर्धं तिकीट तेवढं मिळेल, थांबलेल्या मुलाला तेही नाही. म्हणून मी आईबापांना सांगतो, नाव घाला. बीएस्सीला घाला. मुक्त विद्यापीठात घाला, यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं ते विद्यापीठ १९८९ पासून अशाच लेकरांसाठी आहे. नव्या धोरणात तर एका वर्षानं चाळीस क्रेडिट घेऊन, थोडा कौशल्याचा अभ्यास जोडून, प्रमाणपत्रासह बाहेर पडता येतं. तीन वर्षांत परत येता येतं. म्हणजे थांबायचंच असेल तर आत जाऊन थांब. दाराबाहेर कशाला?”

“आत जाऊन थांबलेली पोरं मीही बघितलीत. नाव केजच्या कॉलेजात, अंग लातूरच्या रूमवर. प्रात्यक्षिकाच्या दिवशी उगवायचं, वही दुसऱ्याची. ना धड बीएस्सी, ना धड नीट. तुमच्याच वर्गात चाळीस नावं असायची आणि बाकावर नऊ जण, तुम्ही सांगायचात. त्या नऊ जणांना शिकवताना तुमचं मन लागायचं का?”

“नाही लागायचं,” सर म्हणाले. यावर त्यांनी दुसरं काही जोडलं नाही.

मग तिनं अविनाश साबळेचं नाव काढलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, बारावीनंतर कॉलेजला न जाता सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, पळायला खऱ्या अर्थानं तिथून पुढं लागला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. सरळ रस्त्यानं गेला असता तर हे पाय कोणाला दिसले असते?

“साबळे थांबला नव्हता. पहिल्या महिन्यापासून त्याला पगार होता, गणवेश होता, सकाळी उठवणारा हवालदार होता,” सर म्हणाले. “भरतीची तयारी करतो म्हणून गावात थांबलेली पोरं बघ. पहाटे रस्त्यानं पळतात, दुपारी पारावर मोबाईल. एक भरती हुकली की दुसरीची वाट. पोलीस भरतीला खुल्या गटाची मर्यादा अठ्ठावीस वर्षांची. म्हणजे अठराला थांबलेलं पोरगं दहा वर्षं ‘तयारी करतोय’ म्हणू शकतं. मला आता तुझ्याशी बोलताना एक गोष्ट नीट दिसायला लागलीय. थांबावं की जावं, हा प्रश्नच मी चुकीचा विचारत होतो. पोरगं आत असो की बाहेर, त्या वर्षाच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचं लागणार, हे आधी विचारलं पाहिजे. क्लासचं, मुकादमाचं, येणाऱ्या स्थळाचं की पोराचं स्वतःचं.”

“आणि स्वतःचं लागायला काय लागतं, तेही,” ती म्हणाली. “माझं लागलं, कारण वडील खोटं बोलायला तयार होते आणि मावशी सोबत न्यायला. दोन माणसं. संस्था नव्हती, योजना नव्हती. दोन माणसं प्रत्येक घरात मिळणार नाहीत, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण म्हणून ज्या घरात ती आहेत तिथंही तुम्ही ‘नाव घाला’ असंच सांगणार का?”

“तेच तर अडलंय. आपल्या गल्लीतली ती मुलगी, यंदा बारावी झालेली. डिसेंबरात अठराची होते. नीटला अगदीच थोडे गुण, बोर्डात बरे. वडिलांना लातूरला पाठवायचंय, आईला वाटतं नर्सिंगला जावं. चुलत्यानं एक स्थळ आणून ठेवलंय. परवा सगळे माझ्याकडं आले. मी सगळ्यांना गप्प बसवलं आणि तिलाच विचारलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, ‘सर, तुम्ही सांगाल तसं.’”

“म्हणून तर तिला एक वर्ष पाहिजे. ज्या पोरीला कधी कोणी विचारलंच नाही ती एका दुपारी काय उत्तर देणार?”

“म्हणून तर तिचं नाव कुठंतरी लागलं पाहिजे. जी एवढं म्हणू शकत नाही ती चुलत्याला काय उत्तर देणार?”

दोघांनाही ती मुलगी लहानपणापासून ठाऊक होती. नर्सिंगच्या अर्जाला अजून चार दिवस होते. कागदपत्रं सरांकडेच होती. नॉन-क्रिमीलेअर झालेलं, उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडं अडकलेला.

“सर, फॉर्मवर मोबाईल नंबर कोणाचा टाकलाय?” तिनं विचारलं. “ओटीपी कोणाला येणार?”

सरांनी कागद चाळला. “चुलत्याचा,” ते म्हणाले. “घरात स्मार्टफोन त्याच्याकडंच आहे.”